आजाऱ्याचे बिल कोणी भरावयाचे?

हुबळी शहरातून विमानतळाच्या दिशेने जाणारा गोकुळ रोड हा तसा गाजलेला रस्ता नव्हे. त्यावर प्राचीन मंदिर नाही की संस्थानिकाचा वाडा नाही. तेथे आहे ती औद्योगिक वसाहत, वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळाची मुख्य कचेरी आणि बसस्थानकाची अखंड वर्दळ. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या घराण्याचे नाव धारण करणारा विजेच्या यंत्रांचा कारखानाही ह्याच रस्त्यावर उभा राहिला. सकाळी यंत्रशाळेकडे जाणारा कामगार, बसचा वाहक, रेल्वेच्या कर्मशाळेतून निवृत्त झालेला फिटर आणि आसपासच्या खेड्यांतून माल घेऊन आलेला शेतकरी अशी सर्व प्रकारची माणसे येथे एकत्र दिसतात. परंतु त्यांपैकी कोणी आजारी पडून इस्पितळाच्या दारी गेला म्हणजे ही माणसे एकाएकी निरनिराळ्या जातकुळीची ठरतात. नाडी पाहण्याच्या आधीच खिडकीपाशी विचारणा होते ती 'कार्ड कोणते?' ही. एकाजवळ राज्य कामगार विम्याचे कार्ड असते, दुसऱ्याजवळ रेल्वेचे, तिसऱ्याजवळ सहकारी संस्थेचे. चौथ्याने स्वतः हप्ता भरून विमा उतरविलेला असतो. पाचव्याजवळ काहीच नसते, आणि त्याच्या बाबतीत खिडकीवरील व्यवहार फार थोडक्यात आटोपतो.

ह्या कार्डांविषयी सामान्य माणसाची समजूत अशी असते की, ती सर्व एकाच गोष्टीची निरनिराळी रूपे आहेत. एकाची रक्कम मोठी, दुसऱ्याची लहान, इतकाच काय तो भेद. वस्तुस्थिती तशी नाही. काही कार्डे माणसाला उपचार देतात, तर काही कार्डे उपचारासाठी झालेल्या खर्चाची रक्कम, तीही ठरलेल्या मर्यादेपर्यंत देतात. पहिल्या प्रकारात बिल रोग्याच्या नावे निघतच नाही. दुसऱ्या प्रकारात ते प्रथम त्याच्याच नावे निघते आणि मग त्यातील कोणता भाग दुसऱ्याने उचलावयाचा ह्याचा वाद सुरू होतो. हा भेद कसा पडला हे समजावयाचे तर काही दशके मागे जावे लागते.

हुबळी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होती. त्यामुळे मुंबईच्या गिरणगावासाठी झालेले कायदे येथील गिरणीलाही लागू होत. त्यांपैकी पहिला महत्त्वाचा कायदा म्हणजे सबंध देशासाठी झालेला १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. कामावर असताना हात तुटला, डोळा गेला, मृत्यू आला तर मालकाने भरपाई द्यावी, असे त्याने सांगितले. परंतु विषमज्वराने वा क्षयाने कामगार अंथरुणास खिळला तर त्याची दखल ह्या कायद्यात नव्हती. यंत्राने केलेली इजा तेवढी मालकाची आणि देवाने दिलेला आजार कामगाराचा, अशी ती सरळ वाटणी होती. पुढे १९२९ मध्ये मुंबई इलाख्याने प्रसूति-लाभाचा कायदा केला. त्याच्या विधेयकावर १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जी भूमिका घेतली ती आजही मननीय आहे. हा भार मुख्यतः सरकारने उचलावा हे त्यांना मान्य होते. परंतु स्त्रीच्या श्रमाचा फायदा ज्याला मिळतो त्या मालकालाही त्यातून पूर्णपणे सुटता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रत्यक्षात कायद्याने सर्व भार मालकावर टाकला. त्यातील अडचण उघड आहे. ज्या मालकाकडे स्त्रिया अधिक त्याला खर्च अधिक; मग स्त्रियांना कामावर न घेणे हाच त्याला स्वस्त उपाय वाटू लागतो. कायद्याने दिलेला लाभ कायद्यामुळेच हिरावला जाण्याचा हा प्रसंग होता.

ह्यातून सुटण्याचा मार्ग युरोपात आधीच शोधला गेला होता. जर्मनीत बिस्मार्कच्या राजवटीत १८८३ मध्ये आजारपणाचा सक्तीचा विमा आला. त्यात दोनतृतीयांश वर्गणी कामगाराची आणि एकतृतीयांश मालकाची होती. इंग्लंडने १९११ मध्ये लॉइड जॉर्ज ह्यांच्या पुढाकाराने तसाच कायदा केला. तेथे पुरुष कामगाराने आठवड्याला चार पेन्स, मालकाने तीन पेन्स आणि सरकारने दोन पेन्स घालावयाचे होते. सर्वांची वर्गणी एका निधीत गेली की कोणत्या मालकाचा कामगार आजारी पडला हा प्रश्नच उरत नाही, ही त्यातील खरी युक्ती. हिंदुस्थानात मजुरांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनने १९३१ मध्ये आजारपणाच्या विम्याची आवश्यकता मांडली. ह्या कमिशनवर कामगारांचे पुढारी ना. म. जोशी हेही सभासद होते. तथापि शिफारस होणे निराळे आणि योजना होणे निराळे. मध्ये एक तप निघून गेले.

मार्च १९४३ मध्ये केंद्र सरकारने प्रा. बी. पी. आडारकर ह्या अर्थशास्त्रज्ञांस औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्यास सांगितले. युद्ध चालू होते, महागाई भडकलेली होती, आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. आंबेडकरांकडे होते. १९२८ मध्ये ज्या प्रश्नावर ते एक सभासद म्हणून बोलले होते त्याचाच विस्तारलेला प्रश्न आता त्यांच्या मेजावर आला होता. आडारकरांनी ऑगस्ट १९४४ मध्ये अहवाल सादर केला. कापड, अभियांत्रिकी आणि खनिजे व धातू ह्या धंद्यांतील कायम कारखान्यांपुरती त्यांची योजना होती. सक्तीची वर्गणी, मालक व कामगार ह्या दोघांचा वाटा, आणि आजारपणात औषधोपचाराबरोबरच बुडालेल्या मजुरीचीही काही भरपाई, हे तिचे सार होते.

ह्यातील शेवटचा भाग विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. आजाराचा खर्च म्हणजे डॉक्टरांचे बिल, ही आजकालची समजूत आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला बिलापेक्षाही मोठा घाव बसतो तो खाड्यांचा. तो घरी पडून राहिला की चूल विझते, आणि चूल विझू नये म्हणून तो ताप अंगावर काढून कामावर जातो. आडारकरांच्या योजनेने औषध आणि मजुरी ही दोन्ही एकाच वर्गणीत बांधली. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे स्टॅक व राव ह्या दोघा तज्ज्ञांनी १९४५ मध्ये योजना तपासली आणि प्रसूति-लाभ व अपघाताची भरपाई ह्यांनाही त्याच छत्राखाली आणण्याचा सल्ला दिला. १९२३ आणि १९२९ चे सुटे धागे अशा रीतीने एका दोरात वळले गेले, आणि एप्रिल १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा मंजूर झाला.

कायदा झाला तरी योजना चार वर्षे सुरू झाली नाही. कारण गमतीदार असले तरी खरे होते. योजना प्रथम काही थोड्या शहरांत सुरू व्हावयाची होती. तेव्हा तेथील कारखानदार म्हणू लागले की, वर्गणीचा बोजा आमच्यावर आणि आमच्याशी स्पर्धा करणारे अन्य शहरांतील कारखानदार मोकळे, हा न्याय कोणता? १९५१ मध्ये कायदा दुरुस्त करून, जेथे योजना पोचली नाही तेथील मालकांकडूनही कमी दराने वर्गणी घेण्याची तजवीज झाली, तेव्हा कोठे २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे आरंभ झाला. कानपूरच्या समारंभात पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंनी पहिला मानद विमेदार म्हणून अर्जावर सही केली. १९५४ मध्ये योजना नागपूर व मुंबईस आली. सुरुवातीस औषधोपचार केवळ कामगारासाठी होता. त्याची बायको वा मूल आजारी पडले तर ते बिल पूर्वीसारखेच घरचे होते. कुटुंबाचा समावेश पुढे टप्प्याटप्प्याने होत गेला.

मग बिल कोण भरतो? ह्या योजनेत कामगार उपचाराच्या वेळी काहीच भरत नाही, कारण त्याने ते आधीच पगारातून भरलेले असते. १ जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी मजुरीच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराची पाऊण टक्का अशी ठरली. त्यापूर्वी बावीस वर्षे ती अनुक्रमे पावणेपाच आणि पावणेदोन टक्के होती. औषधोपचार पुरविण्याचे काम राज्य सरकारांकडे, आणि त्याच्या खर्चाचे प्रमाण सात भाग विमा महामंडळाचे व एक भाग राज्याचा असे बसविण्यात आले. जुन्या हिशेबाने बोलावयाचे तर रुपयातील चौदा आणे वर्गणीच्या निधीचे आणि दोन आणे राज्याच्या तिजोरीचे. वर्गणी मजुरीच्या प्रमाणात असते, उपचार मात्र गरजेच्या प्रमाणात. बारा हजारांच्या कामगाराला आणि वीस हजारांच्या कामगाराला लागणारी शस्त्रक्रिया एकच, म्हणून तिच्यावर रकमेचे शिक्के मारलेले नाहीत. आजारपणाच्या रजेत वर्षाला जास्तीत जास्त ९१ दिवस मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते ती निराळी. मात्र ह्या सोयीची एक अट आहे. उपचार योजनेच्या दवाखान्यात वा तिने पाठविलेल्या इस्पितळात घ्यावा लागतो. तातडीचा प्रसंग सोडला तर विमेदार आपल्या मर्जीने खाजगी इस्पितळात गेला की तेथील बिल सामान्यतः त्याचे त्यानेच सोसावयाचे असते. योजनेच्या दवाखान्यांतील रांगा, औषधांची टंचाई आणि तज्ज्ञांचा अभाव ह्यांविषयीच्या तक्रारी तिच्याइतक्याच जुन्या आहेत. त्या तक्रारींमुळे अनेक कामगार कार्ड खिशात ठेवून पदरच्या पैशाने उपचार घेतात, आणि अशा रीतीने दोनदा पैसे भरतात.

दुसरी अडचण मर्यादेची. १९४८ च्या कायद्यात महिना ४०० रुपयांपर्यंत मजुरी असणाऱ्यांनाच योजना लागू होती. ही मर्यादा वेळोवेळी वाढली. २०१० मध्ये ती १५,००० झाली आणि १ जानेवारी २०१७ पासून २१,०००. परंतु मजुरी दरवर्षी थोडीथोडी वाढते आणि मर्यादा अनेक वर्षांनी एकदा उडी घेते. त्यामुळे दोन उड्यांच्या मधल्या काळात पगारवाढ हीच काहींना शिक्षा ठरते. साडेवीस हजारांचा कामगार बावीस हजारांवर गेला की चालू सहामाहीची वर्गणी संपेपर्यंत आणि तिच्या अनुषंगाने येणाऱ्या लाभाच्या काळापुरता तो योजनेत राहतो. नंतर तो बाहेर. हाती दीड हजार रुपये अधिक येतात, आणि त्याच्या घरातील वृद्ध आईच्या डायलिसिसचा प्रश्न उघडा पडतो. मूळ १९४८ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. विमा महामंडळ मात्र तेच राहिले, आणि मजुरीच्या मर्यादेचे तत्त्वही.

रेल्वेच्या माणसाची गोष्ट वेगळी. सदर्न मराठा रेल्वेने एकोणिसाव्या शतकात हुबळीस कर्मशाळा घातली. आपल्या नोकरांच्या औषधपाण्याची सोय स्वतःच करण्याची रेल्वेची रीत जुनी. त्यामुळे तिचा नोकर विम्याच्या ह्या भानगडीत कधी पडलाच नाही.

मर्यादेबाहेर गेलेला कामगार, दुकानदार, वकील, शिक्षक ह्यांचे काय? त्यांच्यासाठी निघाली ती मेडिक्लेम. सर्वसाधारण विम्याचा धंदा १ जानेवारी १९७३ पासून राष्ट्रीय मालकीचा झाला आणि शंभरावर कंपन्यांच्या चार कंपन्या झाल्या. त्यांनी १९८६ मध्ये ही पॉलिसी बाजारात आणली. तिचा पिंड कामगार विम्याहून भिन्न आहे. आगीचा वा जहाजाचा विमा उतरविणाऱ्यांनीच ती घडविली. त्यामुळे तिची भाषाही आगीच्या विम्याचीच राहिली. नुकसान अकस्मात झालेले असावे, ते मोजता यावे, आणि ठराविक रकमेच्या आत असावे. जहाज आधीच फुटलेले असेल तर त्याचा विमा कोणी उतरवीत नाही. त्याच न्यायाने आधीपासून असलेल्या रोगासाठी काही वर्षे थांबावयाची अट आली. ही मुदत पूर्वी चार वर्षांपर्यंत असू शके. १ एप्रिल २०२४ पासून ती तीन वर्षांवर आणली गेली. त्याच वेळी असेही ठरले की, सलग पाच वर्षे विमा चालू राहिल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, 'अमुक रोग तुम्ही सांगितला नव्हता' ह्या सबबीवर कंपनीला दावा नाकारता येणार नाही.

पॉलिसीतील सर्वांत फसवे कलम रोगांचे नसून खोलीचे आहे, आणि ते उदाहरणाशिवाय समजत नाही. समजा, एका गृहस्थाने तीन लाखांचा विमा उतरविला आहे आणि खोलीचे भाडे दिवसाला विमा-रकमेच्या एक टक्का, म्हणजे ३,००० रुपये, इतकेच मिळेल असे त्यात लिहिले आहे. तो पाच दिवस ६,००० रुपयांच्या खोलीत राहिला. त्याचा हिशेब असा की, रोजचे तीन हजार आपल्या पदरचे, म्हणजे एकूण पंधरा हजार. बिल येते ते असे : खोली ३०,०००, डॉक्टर, शस्त्रक्रिया व शुश्रूषा मिळून ८०,०००, औषधे व तपासण्या ६०,०००. कंपनी खोलीचे १५,००० देते. पण महाग खोलीत इतर आकारही चढे असतात असे म्हणून ती ८०,००० चेही निम्मेच, म्हणजे ४०,०००, मान्य करते. औषधे, साहित्य व तपासण्या ह्यांना ही कपात लावू नये असे विमा नियामक प्राधिकरणाने २०२० मध्ये ठरविले; म्हणून ते ६०,००० पूर्ण मिळतात. एकूण बिल १,७०,०००, कंपनीकडून १,१५,०००. गृहस्थाला भरावे लागतात पंधरा हजार नव्हे, तर पंचावन्न हजार. हातमोजे, कापूस, नोंदणीची फी असल्या 'न देय' वस्तू आणखी निराळ्या. हे सर्व कागदावर लिहिलेले असते आणि त्याखाली विमेदाराची सहीही असते. केवळ तो कागद आजारापूर्वी कोणी वाचलेला नसतो.

'कॅशलेस' ह्या शब्दानेही असाच घोटाळा केला आहे. २००१ मध्ये मध्यस्थ प्रशासकांची, म्हणजे टीपीएंची, व्यवस्था नियमबद्ध झाली आणि आधी बिल भरून मग परतफेड मागण्याचा त्रास कमी झाला. परंतु भरती होताना मिळते ती प्राथमिक संमती. अंतिम हिशेब घरी सोडताना होतो. २०२४ मध्ये प्राधिकरणाने पहिल्या संमतीस एक तास आणि अंतिम संमतीस तीन तास अशी मुदत घातली आणि उशिरामुळे इस्पितळाचा आकार वाढल्यास तो कंपनीने सोसावा असे सांगितले. बरा झालेला रोगी कपडे बदलून दिवसभर खाटेवर बसून राहतो, हे दृश्य त्यामुळे कमी व्हावे अशी अपेक्षा आहे.

शेतकऱ्याला मात्र मालक नाही. मग वर्गणीचा मोठा वाटा कोणाकडून घ्यावयाचा? ह्या प्रश्नाचे उत्तर धारवाडच्या परिसराला शोभेसे निघाले. १९०४ च्या सहकारी कायद्यानंतर १९०५ मध्ये, त्या काळच्या धारवाड जिल्ह्यातील कणगिनहाळ ह्या खेड्यात सिद्धनगौडा पाटील ह्यांनी शेतकऱ्यांची सहकारी पतपेढी काढली. देशातील अगदी पहिल्या पतपेढ्यांत तिची गणना होते. त्या सहकाराचे जाळे शंभर वर्षांत राज्यभर पसरले, आणि हृदयशल्यविशारद डॉ. देवी शेट्टी ह्यांच्या कल्पनेने कर्नाटक सरकारने २००३ पासून ह्याच जाळ्यावर यशस्विनी योजना उभी केली. सहकारी संस्थेच्या सभासदाने महिन्याला पाच रुपये, वर्षाला साठ, द्यावयाचे. सरकारने आपला वाटा घालावयाचा. विमा कंपनी मध्ये नाही, निधी एका न्यासाकडे. पहिल्याच वर्षी सुमारे सोळा लाख माणसे तीत आली.

साठ रुपयांत काय मिळे? सोळाशेहून अधिक शस्त्रक्रिया, एका शस्त्रक्रियेस एक लाख आणि वर्षाला दोन लाखांपर्यंत. तापाला, खोकल्याला वा मधुमेहाच्या गोळ्यांना त्यात जागा नव्हती. ही उणीव नसून हिशेब होता : लहान खर्च पुष्कळांना वारंवार येतो, तो माणूस कसाबसा भागवितो, मोठी शस्त्रक्रिया थोड्यांना येते, पण ती आली की शेत गहाण पडते. पाच रुपयांत जे झेपले तेवढेच घेतले, आणि ते स्पष्ट सांगितले, हा त्या योजनेचा प्रामाणिकपणा होय. २०१८ मध्ये ती बंद करून आरोग्य कर्नाटक योजनेत मिळविण्यात आली. त्या योजनेने लोकांची दोन गटांत विभागणी केली. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचा उपचार सरकारी खर्चाने. इतरांच्या बाबतीत ठरलेल्या दराच्या तीस टक्के सरकारचे, दीड लाखाच्या मर्यादेत, आणि सत्तर टक्के रोग्याचे. पाच एकर कोरडवाहू जमीन आणि रेशनचे दुसऱ्या रंगाचे कार्ड असलेल्या शेतकऱ्याला ह्या सत्तर टक्क्यांचा अर्थ लवकरच कळला. सहकारी सभासदांची मागणी चालू राहिली आणि २०२२ मध्ये यशस्विनी पुन्हा जाहीर झाली. ह्या वेळी ग्रामीण भागातील चार माणसांच्या कुटुंबास वर्षाला ५०० रुपये, शहरी कुटुंबास १,०००, आणि लाभाची मर्यादा पाच लाख अशी तिची आखणी होती.

औद्योगिक वसाहतीत तीस वर्षे खपून निवृत्त होणाऱ्या कामगारासाठीही कामगार विम्यात एक कलम आहे, आणि ते फार थोड्यांना ठाऊक असते. निवृत्तीपूर्वी किमान पाच वर्षे विमेदार असलेल्याने वर्षाला १२० रुपये भरले तर त्याला व त्याच्या पत्नीला योजनेचा औषधोपचार पुढेही मिळत राहतो. हे महिन्याला दहा रुपये झाले. त्या वयात खाजगी विम्याचा हप्ता भरावयाचा म्हटले तर तो हजारांत जातो. हा १२० रुपयांचा अर्ज निवृत्तीच्या समारंभात शाल-नारळाबरोबर कोणी हातात देत नाही. तो स्थानिक शाखा-कचेरीत जाऊन आपण होऊन मागावा लागतो.